“ब्राइटनेस कमी करा,” म्हणाले सगळे

“डोळे अगदी उत्तम आहेत तुमचे,” पनवेलचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आणि मला रडूच कोसळलं.

लोक वाईट बातमी ऐकून रडतात, मी चांगली ऐकून रडले. डोळे उत्तम असतील तर मग हे जे काय चाललंय ते काय, आणि ते मला सांगणार कोण? डॉक्टर बिचारे गोंधळले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाले, “मला हे मायग्रेन वाटतंय. आपल्याकडे अर्धशिशी म्हणतात ते. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. आणि हो, फोनचा ब्राइटनेस कमी करा.”

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते मी इतक्या जणांकडून ऐकलं की मोजदाद सोडून दिली. फोन हातात घेतला की ज्यांचं डोकं उठतं, आणि घरातले ज्यांना “तुझं आपलं काहीतरीच” म्हणतात, त्यांच्यासाठी मी हे सांगतेय. बाकीच्यांनी ऐकलं तरी माझी हरकत नाही.

आधी मी कोण ते सांगते. मी सुनंदा. उरणला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत गाड्या लावते. गाडी चालवत नाही हो! कुठला ट्रेलर कुठल्या गेटने आत जाईल, कुठला डबा उचलेल आणि कुठे नेऊन टाकेल, हे ठरवणं माझं काम. डबा म्हणजे कंटेनर. प्रत्येक डब्यावर नंबर असतो, चार अक्षरं आणि सात आकडे. ड्रायव्हर त्याचा फोटो पाठवतो, मी फोनवर तो वाचते, आमच्याकडच्या ऑर्डरशी ताडून बघते आणि “जा” म्हणते. एक आकडा चुकला की गाडी गेटवर अडकते, मागे रांग लागते आणि मग साऱ्या गावाच्या शिव्या आमच्या ऑफिसला.

डबा चिखलाने माखलेला असो, फोटो हलत्या हाताने काढलेला असो, माझी नजर चुकायची नाही. आमचे गुजराती शेठ नव्या माणसाला सांगायचे, “सुनंदाबेननी नंबर बघितला ना? मग बस, थई गयुं!” मी या ऑफिसात लागले ती टेलिफोन उचलायला. तिथून गाड्या लावायच्या खुर्चीत बसले ती याच नजरेच्या जोरावर. आजूबाजूच्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडे त्या खुर्चीत बाई दिसणार नाही. तेव्हा ही खुर्ची मला किती प्यारी असेल ते तुम्हीच समजा.

आता फोन. तो मला माझ्या लेकीने दिला.

आमच्याकडे पहिला पगार देवापुढे ठेवतात आणि मग त्यातून आईबापाला काहीतरी घेतात. ऋतुजा पुण्याला नोकरीला लागली आणि पहिल्या पगारात माझ्यासाठी फोन घेऊन आली. काळाभोर पडदा, त्यावर रंग कसे, तर नुसते उसळून येत होते. म्हणाली, “आई, सगळ्यात भारी स्क्रीन आहे याला. व्हिडिओ कॉल केलास ना की मी अगदी समोर बसल्यासारखी दिसेन.” मी तो फोन अख्ख्या ऑफिसला दाखवला. ड्रायव्हरांना दाखवला. चहावाल्यालाही सोडलं नाही. माझा जुना, कोपऱ्यात तडकलेला फोन आमच्या ह्यांनी घेतला. आमचे हे म्हणजे प्रदीप, पंचायत समितीत नोकरीला. त्यांना फोन लागतो तो बोलायला आणि नातेवाइकांच्या ‘शुभ सकाळ’ला उत्तर द्यायला.

सुरुवात डोळ्यांपासून झाली. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचायचं. वाटलं, उरणची धूळ. मग उजव्या कपाळामागे ठणका सुरू झाला. मग मळमळ. फोनवर दोन-चार फोटो बघितले की बोटीतून रेवसला जाताना खवळलेल्या समुद्रात पोटात ढवळतं ना, तसं ढवळायचं. मी कोकणातली, बोटीत मला कधी उलटी झालेली नाही. आणि इथे खुर्चीत बसून बोट लागावी! कुणाला सांगणार?

ऋतुजाचा व्हिडिओ कॉल आला की मी फोन समोर ठेवायची आणि डोळे मिटून बोलायची. तिला म्हणायची, “बोल गं, मी ऐकतेय.” फोनचा त्यात काही हात असेल हे तेव्हा माझ्या मनाला शिवलंही नाही. लेकीने पहिल्या पगारातून घेतलेली वस्तू आईला बाधते, असं कधी असतं का? आपण वांग्याला दोष देऊ, वाऱ्याला देऊ, पण लेकीच्या भेटीला? छे!

मग तो दिवस आला. सकाळची वेळ, फोटोवर फोटो येत होते. एका नंबराकडे बघत असताना त्याच्या मधले आकडेच गायब झाले. त्या जागी एक चमचमती, करवतीच्या दात्यांसारखी रेघ हलायला लागली. मी डोळे चोळले. रेघ तशीच. मागे गाड्या खोळंबल्या होत्या, म्हणून जे दिसलं त्यावर उरलेलं जुळवलं आणि “जा” म्हटलं. गाडी गेटवर जाऊन अडकली.

ड्रायव्हर होता दामू, इकडचाच, उरणच्या पलीकडच्या गावातला. सकाळपासून पोटात अन्न नाही, मागे हॉर्न वाजतायत. दुसरा असता तर माझा उद्धार केला असता. याने फोन केला आणि म्हणाला, “ताय, तू आनि नंबर चुकलीस? तब्येत बरी हाय ना तुजी?” शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेठनी आवाज चढवला नाही. म्हणाले, “बेन, थोडा आराम करो. तोपर्यंत कविता नंबर बघेल.” कविता आमच्या ऑफिसातली हुशार मुलगी, बिलं बनवते. तिच्याबद्दल माझं काही वाकडं नाही. पण ‘तोपर्यंत’चा अर्थ मला कळतो. रांगेतून गाडी बाजूला घेतली की तिला पुन्हा शेवटी उभं राहावं लागतं. माझ्यापुढे प्रश्न एकच उरला, डोकं बरं करून खुर्चीत बसायचं, नाहीतर खुर्ची सोडायची.

आणि मी सोडणारी बाई नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडचं वर सांगितलंच. त्यांनी चष्म्याचा नंबर तपासला, डोळ्यातला दाब बघितला, थेंब टाकून आतला पडदा बघितला. सगळं उत्तम. ती रेघ फोन बघतानाच दिसली होती, म्हणून मी विचारलं, “फोनमुळे असेल का?” ते म्हणाले, “ऑफिसात संगणकावर बसता तेव्हा दुखतं का?” म्हटलं, नाही. “मग स्क्रीनचा प्रश्न नाही. फक्त उजेड कमी ठेवा.” पटलं मला. तुम्हालाही पटलं असतं.

मग मी उजेड कमी केला. किती कमी? ह्यांनी एकदा विचारलं, “बंद पडलाय का तो?” इतका कमी. काळी पार्श्वभूमी लावली, पिवळट छटा लावली. कविता म्हणाली, मॅडम ब्राइटनेस अजून खाली घ्या. वहिनी म्हणाली, खाली घ्या. केमिस्टने गोळी देता देता तेच सांगितलं. आणि मी जसजशी आज्ञाधारकपणे खाली खाली घेत गेले, तसतसं डोकं वर वर चढत गेलं.

मग उपायांची जत्रा भरली. शेजारच्या काकूंनी सांगितलं, अर्धशिशीला सूर्योदयाच्या आधी गरम दुधात जिलबी बुडवून खायची. खाल्ली. वजन वाढलं, डोकं होतं तिथेच. माझी जाऊ वैशाली चौलला आमच्या घरी असते, वाडी सांभाळते. ती म्हणाली, “गो, एवढा भारी फोन मिरवलास ना, दृष्ट लागली तुला.” मीठ-मोहरी-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. ठसका सगळ्यांना लागला, म्हणजे दृष्ट नव्हती म्हणे. मग कुणीतरी पित्ताचं काढलं, म्हणून मी मासे सोडले. बोंबील सोडले हो मी! ऐन हंगामात, ताटात ताजे बोंबील तळून आलेले असताना मी वरणभात खाल्ला. या आजारात मी जे जे सोसलं त्यात मी हे सगळ्यात वर धरते.

अखेर पनवेललाच मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. न्यूरोलॉजिस्ट म्हणतात त्यांना, मेंदू आणि नसांचे डॉक्टर. बाहेर बाकावर बसलेलो आम्ही सगळे डोकेदुखीवाले, आणि निम्मे जण फोनमध्ये तोंड घालून बसलेले. मी भिंतीकडे बघत बसले. ह्यांनी विचारलं, “पाणी आणू?” म्हटलं, “नको, नुसते बसा.” ते बसले. एवढ्या महिन्यांत माझी चिडचिड त्यांनी कशी सोसली ते त्यांचं त्यांना माहीत.

डॉक्टर तरुण होत्या, माझ्या लेकीपेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी एमआरआय करायला सांगितला, म्हणजे मोठ्या चुंबकाच्या नळीत झोपवून डोक्याच्या आतलं चित्र काढतात. आत ठोकाठोक चालू असते, दुखत काही नाही. घाबरायचं कारण नाही, डोळे मिटून देवाचं नाव घ्या. माझा रिपोर्ट स्वच्छ आला. गाठ नाही, बीठ नाही. त्या दिवशी ह्यांनी पहिल्यांदा मोठा श्वास सोडला आणि मला कळलं, ह्यांच्या मनात काय होतं.

डॉक्टरबाईंनी मला नीट समजावलं. “मायग्रेन म्हणजे नुसती डोकेदुखी नाही. काही जणांचा मेंदू उजेडाला, आवाजाला, वासाला जास्त प्रतिसाद देतो. तुम्हाला जी करवतीसारखी रेघ दिसली तिला ऑरा म्हणतात. पुढे दुखणं येणार याची ती वर्दी असते. उजेड सहन होत नाही त्याला फोटोफोबिया म्हणतात. ही नाटकं नसतात, लक्षणं असतात.” हे शेवटचं ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या, का कोण जाणे. ह्यांनी कधी नाटकं म्हटलं नव्हतं. मी स्वतःलाच म्हणत होते.

औषधं दिली. एक दुखायला लागलं की लगेच घ्यायची, एक रोजची. आणि मग एक प्रश्न विचारला जो तोवर कुणी विचारला नव्हता. “कधी दुखतं ते सगळेच सांगतात. कधी दुखत नाही ते सांगा.”

मी विचार केला. “यार्डात,” मी म्हटलं. यार्ड म्हणजे डबे उतरवून ठेवतात ती मोकळी जागा. “दुपारी उन्हात डब्यांमध्ये उभी राहून फोन बघते तेव्हा काही होत नाही.”

“उन्हात? उन्हात तर जास्त दुखायला पाहिजे.”

“मलाही तेच वाटतं. पण नाही दुखत.”

“आणि तेव्हा फोन किती उजळ असतो?”

“उन्हात दिसायला पाहिजे ना. तेव्हा पूर्ण वर नेते.”

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. म्हणाल्या, “याचं कारण मला आत्ता सांगता येत नाही. लक्ष ठेवा. काही सापडलं तर मला येऊन सांगा.” मला त्या बाई तिथेच आवडल्या. ‘मला माहीत नाही’ म्हणणारा डॉक्टर भेटायला नशीब लागतं.

गोळ्यांनी झटका आटोक्यात यायचा, पण येणं थांबलं नाही. असे दिवस चालले होते आणि गणपती आले.

आमचा गणपती चौलच्या घरी. वैशालीने मखर केलं होतं थर्माकोल न वापरता, केळीच्या खोडाचे सोप आणि झावळ्यांचं, आणि कडेने लावली होती एलईडीची पट्टी. हल्ली मिळते ती, रिमोटने रंग आणि उजेड कमीजास्त होणारी. देवाच्या चेहऱ्यावर मंद प्रकाश हवा म्हणून तिने तो अगदी खाली आणला होता. दिसत छान होतं, खोटं कशाला बोला.

आरती सुरू झाली. ऋतुजाला रजा मिळाली नव्हती, म्हणून ह्यांनी त्यांच्या, म्हणजे माझ्याच जुन्या फोनवरून तिला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन गणपतीसमोर धरला. टाळ, घंटा, धूप, सगळं जोरात चालू, आणि माझ्या उजव्या कपाळामागे ठणका. मी मनात म्हटलं, देवा, आज तरी! आज तर मी सकाळपासून माझ्या फोनला हातही लावलेला नाही!

तेवढ्यात फोनमधून ऋतुजा ओरडली, “बाबा, बाप्पाच्या तोंडावरून काळे पट्टे का सरकतायत?”

“रेंज नाही गं इथे,” हे म्हणाले.

मी वाकून बघितलं. खरंच, फोनच्या चित्रात देवावरून आडव्या काळ्या सावल्या खाली खाली सरकत होत्या. मान वर करून मखराकडे बघितलं, तिथे काहीच नाही. शांत, मंद उजेड.

वैशालीचं लक्ष माझ्या तोंडाकडे गेलं. “काय गो, पांढरीफटक पडलीस! बस बघू आधी.” आणि एवढा झगमगाट मला बाधत असेल म्हणून तिने रिमोट उचलून पट्टी बंद केली. समईचा उजेड राहिला.

“आता गेले पट्टे,” ऋतुजा म्हणाली. “रेंज आली वाटतं.”

मी भिंतीला टेकून बसले. घालीन लोटांगण संपेपर्यंत ठणका चढायचा थांबला होता. प्रसाद वाटून होईतो उतरायला लागला. मी ह्यांना म्हटलं, “रेंज तीच आहे. दिवा बदललाय.”

त्या पट्टीचा उजेड खाली आणलेला होता, आणि माझ्या फोनचाही, हे मनात घोळत होतं, म्हणून डोकं उतरल्यावर मी ह्यांना माजघरात बोलावलं. माझा भारी फोन पाटावर ठेवला, ब्राइटनेस पूर्ण वर, आणि म्हटलं, “तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यातून याच्याकडे बघा. व्हिडिओ काढतो तसं.” त्यांनी बघितलं. “काही विशेष नाही. बारीक रेघा आहेत.” मग मी ब्राइटनेस खाली खाली आणायला लागले. रेघा जाड झाल्या. अजून खाली आणला. काळेकुट्ट पट्टे, बाप्पावरून सरकत होते तसेच, माझ्या फोनवरून सरकायला लागले. नुसत्या डोळ्यांना पडदा शांत, स्थिर. कॅमेऱ्यात मात्र लुकलुक.

मग मला जे हसू फुटलं! कमी करा, कमी करा, कमी करा! ज्याने दुखत होतं तेच औषध म्हणून मी महिनोन्‌महिने घेत होते, आणि वर बोंबील सोडले होते. वैशाली धावत आली, तिला वाटलं मला वेड लागलं. तिला दाखवलं तर म्हणाली, “म्हणजे माझी दृष्ट फुकट गेली?”

पुढच्या वेळी डॉक्टरांना दोन्ही फोन दाखवले. त्यांनी स्वतः बघितलं, मग मला सांगितलं. याला पीडब्ल्यूएम म्हणतात, पल्स विड्थ मॉड्युलेशन. नाव मोठं, गोष्ट साधी. अशा पडद्यात उजेड कमी करायचा म्हणजे दिवा मंद होत नाही, तो फार वेगाने चालू-बंद, चालू-बंद होतो. कमी उजेड पाहिजे तर बंद राहण्याचा वेळ वाढवतात. मखराच्या पट्टीचंही तेच. आपल्याला ते दिसत नाही, आपल्याला नुसता मंद उजेड दिसतो. पण काही जणांना ते सोसत नाही. सगळेच फोन असे नसतात आणि सगळ्यांनाच त्रास होत नाही.

“हेच कारण आहे असं मी छातीठोकपणे सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण फोन बदलून बघायला तोटा काय? औषधं मात्र मला विचारल्याशिवाय बंद करायची नाहीत.” मी म्हटलं, “मॅडम, छातीठोकपणे मी सांगते.” त्या हसल्या.

भारी फोनचा उजेड कायम पूर्ण वर ठेवावा, तर घरात, ऑफिसात तो डोळ्यांना झोंबायचा. जुना फोन परत घ्यायचा विचार केला होता, पण गाड्या आत सोडायचं गेटचं नवं ॲप फोनवरच चालतं, आणि ते त्याच्यावर उघडतच नव्हतं. तेव्हा पडदा शोधायला निघाले. आधी उरणची दुकानं, मग पनवेल. माझी रीत ठरलेली होती. दाखवायला ठेवलेला फोन घ्यायचा, ब्राइटनेस तळाला न्यायचा आणि ह्यांच्या फोनच्या कॅमेऱ्यातून बघायचं. पट्टे दिसले की खाली ठेवायचा. पनवेलचा दुकानदार वैतागला. “ताई, फोन घ्यायचाय की त्याच्या लग्नाचं शूटिंग करायचंय?”

“आधी पत्रिका जुळू दे, मग लग्नाचं बघू,” मी म्हटलं.

त्याने एकाहून एक चकचकीत फोन काढले. जेवढा भारी तेवढे पट्टे, असं त्या दुकानात तरी चाललं होतं. एकात पट्टे दिसले नाहीत, मी आनंदाने स्टुलावर बसून वाचायला लागले, आणि थोड्या वेळात कपाळामागे ओळखीची टकटक. तोही ठेवला. कॅमेरा चाळणी लावतो, पण शेवटचा शब्द आपल्या डोक्याचाच असतो, हे मी तिथे शिकले. दुकानातून रिकाम्या हाताने बाहेर पडले की ह्यांचं तोंड उतरायचं. मी म्हणायची, चला, आणखी एक कमी झाला.

मग एक दिवस त्याने कंटाळून खालच्या कप्प्यातला एक जाडजूड फोन काढला. “हा घ्या. पण हा ड्रायव्हर लोक नेतात हो. जुन्या पद्धतीचा पडदा, मागे साधी बत्ती. तुम्हाला शोभणार नाही.”

कॅमेरा लावला. तळापर्यंत नेला. एक पट्टा नाही.

“विकत घेऊन घरी त्रास झाला तर परत घ्याल?”

“खोका उघडला की नाही, ताई.”

मग मी विचार केला, हा फोन मी कुठेतरी बघितलाय. कुठे? दुसऱ्या दिवशी सकाळी दामू ऑफिसात न्याहारी करायला आला, त्याच्या खिशातून तोच जाडजूड ठोकळा डोकावत होता.

“दामू, तुझा फोन मला दुपारपर्यंत देतोस?”

“माझा? ताय, त्याच्यात काय हाय? काच तडकलीय, चार्जिंग ऱ्हात न्हाय.”

“त्यातच सगळं आहे. दे.”

गाडी तशीही दुपारनंतरच भरायची होती. दामू बाहेर सावलीला झोपला आणि मी आदल्या दिवशीचे सगळे फोटो त्याच्या फोनवर मागवून घेतले. नंबर वाचत बसले. उजेड खाली घेऊन वाचले, वर घेऊन वाचले. दामू उठून आला तरी मी वाचतच होते. डोकं शांत होतं. मळमळ नाही, रेघ नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याला वाटलं, फोन मोडला.

तसाच फोन मी आणला, चांगला वापरून बघितला, आणि मगच शेठकडे गेले. दया मागायला गेले नाही. म्हटलं, “शेठ, आठवडाभर मला नंबर बघू द्या. एक जरी चुकला तर माझ्या केबिनची चावी मी माझ्या हाताने कविताला देईन.”

शेठ माझ्या हातातल्या फोनकडे बघत होते. “बेन, आ शुं? छोकरीने दिलेला भारीवाला कुठे?”

“भारीवाला घरी. नंबर याच्यावर दिसतात.”

त्या आठवड्यात दामूकडून एक फोटो आला, चिखल, पाऊस, वर सावली. कविता शेजारी बसली होती. ती म्हणाली, “तीन आहे ना मॅडम?” मी फोटो मोठा केला, उजेड कमी-जास्त करून बघितला. डोकं जागेवर, नजर जागेवर. “आठ आहे. दामूला सांग, फडक्याने पूस आणि पुन्हा काढ.” पुसलेला फोटो आला. आठच होता. कविताने दारात उभ्या शेठकडे बघून मान डोलावली, आणि ती कशाबद्दल हे त्यांना विचारावं लागलं नाही. आठवडा संपला तेव्हा चावीचा विषय कुणी काढला नाही. ती माझ्या पर्समध्येच आहे.

आता तुमच्यासाठी चार शब्द. डोकेदुखी म्हणजे फोनच, असं समजून बसू नका. आधी डॉक्टर, आधी तपासण्या. माझा रिपोर्ट स्वच्छ होता म्हणून मी पुढे शोधू शकले. माझं दुखणं पूर्ण गेलेलं नाही, मायग्रेनचा पिंड आहे तो आहेच. उपास घडला, झोप मोडली की अजूनही एखादा झटका येतो. पण तो आता पाहुण्यासारखा येतो आणि गोळी घेतली की जातो. आणि कुणी “ब्राइटनेस कमी करा” म्हणालं, तर करून बघा, पण त्याने वाढलं तर तोंड मिटून सोसू नका. आणि मासे सोडू नका, निदान डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय.

एक काम राहिलं होतं, ऋतुजाला सांगायचं. खुर्ची परत मिळाली तरी ते काही केल्या होईना. शेवटी एका रविवारी नव्या फोनवरून तिला व्हिडिओ कॉल केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. तुझा फोन मला सोसत नाही, बाळा. राग मानू नकोस.

मला वाटलं, ती दुखावली. मग म्हणाली, “म्हणून तू माझ्याशी डोळे मिटून बोलायचीस?”

“हो गं.”

“मला वाटायचं, मी पुण्याला निघून आले म्हणून तू माझ्याकडे बघत नाहीस.”

एवढे महिने मी माझ्या खुर्चीची काळजी करत होते, आणि ही पोर तिकडे हे मनात घेऊन बसली होती. मी म्हटलं, “वेडे, तू त्यात इतकी स्पष्ट दिसायचीस की बघवत नव्हतं.” ती रडता रडता हसली. मग म्हणाली, तो फोन मला दे, मला काही होत नाही. पुढच्या खेपेला घेऊन गेली. वर मला म्हणाली, पुढच्या पगारातून तुला बोंबील.

आता दर रविवारी आम्ही बोलतो. या फोनवर तिचा चेहरा जरा भुरकट दिसतो, रंग फिके येतात. पण ती बोलते तेव्हा मी तिच्याकडे बघते, कॉल संपेपर्यंत.